रस्त्यावरच्या फोटोंसाठी छोटी प्राइम लेन्स कोणती घ्यावी? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, नंदुरबार, इकडून तिकडून कॅमेरा घेतलेली पोरं-पोरी मला लेन्सबद्दल विचारत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडवर फोटो काढायचं मला वेड आहे आणि सुरुवातीची तीन वर्षं माझी चुकीच्या लेन्सवर गेली, ती तुमची जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

प्राइम म्हणजे नेमकं काय, आणि किट लेन्स असताना ती कशाला घ्यायची?

ज्या लेन्सला झूम नाही ती प्राइम. एकच फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा, छोटा असला की जास्त परिसर येतो, मोठा असला की लांबचं जवळ येतं), जवळचं-लांबचं करायचं तर पाय हलवायचे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स वाईट नाही, दिवसा ती चांगलीच चालते, पण ५५ ला गेलात की तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा छोटा तेवढं भोक मोठं) आणि एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते, संध्याकाळी दिवे लागले की हा फरक लगेच कळतो. तरी माझ्या मते रस्त्यावर प्राइम घ्यायचं मोठं कारण उजेड नाहीच. झूम असली की समोर काहीतरी घडत असतं आणि आपण रिंग फिरवत बसतो. प्राइम महिनाभर वापरा, मग कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळायला लागतं की इथं उभं राहिलं म्हणजे भाजीवालीचा हात आणि तराजू दोन्ही येतील, इथून नाही येणार.

पहिली प्राइम ५० एमएम १.८ च घ्यायची ना? सगळे तर तेच सांगतात.

मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं आणि मी घेतली. लेन्स म्हणून ती खरंच चांगली आहे, कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम (एसटीएम हे तिच्या फोकस मोटरचं नाव) फक्त १६० ग्रॅमची, स्वस्त, शार्प, घरातल्या लेकराचा फोटो काढावा तर हिनंच. पण माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा छोटा असलेला, ती लावून मी जळगावच्या सराफ बाजारात गेलो तर पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराला पूर्ण फ्रेममध्ये घ्यायला मागं सरकावं लागत होतं, मागं सरकलो की पाठीला समोरच्या दुकानाचं काउंटर, आणि आमच्या दोघांच्या मधून मोटरसायकली, हातगाड्या, पिशव्या घेतलेल्या बाया सारख्या जात होत्या. तासभर उभा राहिलो, एक फोटो धड आला नाही.

हिशोब असा आहे. कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० एमएम लावून, कॅमेरा आडवा धरून उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं तर साधारण ५.७ मीटर लांब उभं राहावं लागतं. तोच माणूस २४ एमएमवर पावणेतीन मीटरवरून येतो. तुमचं एक पाऊल अडीच फुटाचं धरा, म्हणजे ५० ला साडेसात पावलं आणि २४ ला साडेतीन पावलं. आता तुमच्या गावच्या बाजारात जाऊन बघा, कुणाच्या आणि तुमच्या मधे साडेसात पावलं मोकळी जागा कुठं मिळते का. आपल्याकडे नाही मिळत. आणि आपल्याकडची माणसं बोलायला जवळ येतात, खांद्यावर हात ठेवून विचारतात, "काय काढी ऱ्हायना रे भो?", त्यांच्यापासून साडेसात पावलं लांब पळून फोटो काढायचा म्हणजे आपणच परके होऊन जातो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशीकडे मांडे होते तेव्हा हे मला पक्कं समजलं. पडवीत चूल, चुलीवर पालथं खापर, मावशी पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करत होती, तो पार कोपरापर्यंत पसरला आणि भिंतीच्या झरोक्यातून आलेला उजेड त्या पातळ मांड्यातून आरपार दिसत होता, आतल्या पुरणाचा पिवळा रंगसुद्धा. माझी पाठ भिंतीला टेकलेली. ५० लावली तर एकतर हात येत होते नाहीतर चेहरा. चुलतभावाच्या कॅमेऱ्याला २४ होती, ती मागून घेतली, त्याच जागेवरून मावशीचे हात, तिचं लक्ष, खापर, धूर आणि बाजूला उंडे करून देणारी काकू, सगळं एका फ्रेममध्ये आलं. त्या आठवड्यातच मी २४ घेतली.

मग ५० ची एवढी महती कशी काय झाली?

ती महती खोटी नाही, फक्त ती दुसऱ्या मापाच्या कॅमेऱ्याची आहे. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, ३५ एमएम फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा, त्याला ५० एमएमची लेन्स होती. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच फोटोग्राफरसारख्या माणसानं जवळजवळ आयुष्यभर ५० वरच काम केलं, तो १९४७ च्या शेवटी भारतात आला होता आणि गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर पाहिले गेले. पण ती फिल्मची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे आजच्या भाषेत फुल फ्रेम. आपल्या हातात बहुतेक वेळा क्रॉप सेन्सर असतो, कॅननचा १.६ पट, निकॉन, सोनी, फुजीचा १.५ पट. म्हणजे तुमच्या कॅननवर ५० लावली की ती फुल फ्रेमवरच्या ८० सारखी दिसते, ती पोर्ट्रेटची लेन्स झाली. ब्रेसाँसारखी ५० हवी असेल तर तुम्हाला ३१ ते ३३ च्या आसपासची लेन्स लागेल, दुकानात त्याच्या जवळची ३५ मिळते.

हे गुणाकाराचं गणित रोज डोक्यात ठेवायची काही गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की क्रॉपवर २४ म्हणजे ३६-३८, ३५ म्हणजे ५२-५६, आणि रस्त्यावरचे बहुतेक लोक २८ ते ५० च्या मधल्या नजरेत काम करतात (नजर म्हणजे फुल फ्रेमवर त्या आकड्याच्या लेन्समधून जेवढं दिसतं तेवढं, पुढंही मी हाच शब्द वापरलाय).

माझ्यासाठी कोणती फोकल लेंथ बरोबर, हे पैसे घालायच्या आधी कसं कळेल?

दोन गोष्टी करा, दोन्ही फुकटात होतात.

पहिलं, मोबाइलमधले फोटो बघा. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या २४ ते २६ एमएमएवढा असतो. तुम्ही लग्नात, शेतात, बाजारात मोबाइलवर काढलेले जे फोटो तुम्हाला आवडतात ते १एक्सवर काढलेत की २एक्सवर? १एक्सवर सहज काढत असाल तर तुमचा डोळा आधीच वाइडला सरावलेला आहे आणि २८ किंवा ३५ सारखी नजर तुम्हाला जड जाणार नाही. सारखं २एक्स दाबत असाल तर ५० च्या जवळचं काहीतरी घ्या.

दुसरं, किट लेन्स २४ वर ठेवा आणि झूम रिंगला टेप लावून टाका, साधा कागदी टेप, निघताना चिकट राहत नाही. आठवडाभर फक्त त्याच्यावर काढा. पुढच्या आठवड्यात ३५ वर टेप. तिसऱ्या आठवड्यात ५० वर. रोज घरी आल्यावर एकच बघायचं, आज किती वेळा मनात आलं की अजून थोडं मागं जायला पाहिजे होतं आणि किती वेळा आलं की अजून पुढं जायला पाहिजे होतं. मागं जायला जागा नसते पण पुढं जाता येतं, म्हणून दोन्ही सारखं वाटत असेल तर छोटा आकडा घ्या. माझ्याकडे आलेल्या ज्या ज्या माणसानं ही टेपची गोष्ट मनापासून केली त्याला परत लेन्स विकावी लागलेली मी पाहिली नाही.

ठीक, पण माझ्या कॅमेऱ्याला नेमकी कोणती?

कॅनन डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल, १५००डी, २००डी, ७०डी वगैरे, तर डोळे झाकून ईएफ-एस २४ एमएम २.८ एसटीएम. १२५ ग्रॅम वजन, जाडी जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर, आणि १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होते म्हणजे हातातल्या जोंधळ्याच्या कणसाचा फोटोपण निघतो. कॅननची ४० एमएम २.८ एसटीएमपण चपटी आहे, १३० ग्रॅमची, फुल फ्रेमवर फार छान, पण क्रॉपवर ती ६४ होते, त्यामुळे तिला चपटी बघून भुलू नका.

निकॉन डीएसएलआरवाल्यांना पर्याय कमी आहेत. डीएक्स ३५ एमएम १.८जी, २०० ग्रॅम, ही सगळ्यात समजूतदार निवड, नजर ५२ ची मिळते. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची, निकॉनची ५० एमएम १.८ दोन प्रकारची मिळते, डी आणि जी. डी वाल्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीमध्ये ती मोटर नाहीच. माझ्या एका मित्राला एका दुकानात "हीच ती, जरा जुनी, स्वस्तात देतो" म्हणून डी दिली, तो बिचारा दोन महिने समजत होता की आपला कॅमेरा बिघडला. लेन्सवर शेवटी काय लिहिलंय ते स्वतः वाचून घ्या.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, असेल तर चैन आहे. सोनीच्या क्रॉप बॉडीला, झेडव्ही-ई१० किंवा ए६४००, सोनीची २० एमएम २.८ फक्त ६९ ग्रॅमची आहे आणि नजर ३० ची देते. सिग्माची ३० एमएम १.४ फोटो सुंदर देते पण ती २६५ ग्रॅमची आणि लांबट, रस्त्यावर मी तिला दुसरा नंबर देईन. फुजीला २७ एमएम २.८, जुनी ७८ ग्रॅम, २०२१ ची डब्ल्यूआर ८४ ग्रॅम, नजर ४१ ची, माझ्या मते आपल्या बाजारांसाठी हिच्याइतकी नेमकी लेन्स दुसरी नाही, फुजी असता तर मी दुसरं काही घेतलंच नसतं. थोडी वाइड आणि उजेडाला बरी हवी तर फुजीची २३ एमएम एफ २, १८० ग्रॅम. निकॉनच्या झेड३०, झेड५०, झेडएफसीला डीएक्स २४ एमएम १.७, १३५ ग्रॅम. कॅननच्या आर५०, आर१० ला आरएफ २८ एमएम २.८, २०२३ मध्ये आली, १२० ग्रॅमची चपटी, नजर ४५ ची. आणि ज्यांच्याकडे जुनी ईएफ-एस २४ आहे त्यांनी ती विकू नये, ॲडॅप्टर लावून ती आर सिरीजवर पूर्ण ऑटोफोकससकट चालते.

लेन्स बदलायचीच नसेल तर रिकोचा जीआर ३ पण एक रस्ता आहे, २५७ ग्रॅमचा पूर्ण कॅमेरा, शर्टाच्या खिशात जातो, नजर २८ ची. फक्त त्याला वेदर सीलिंग नाही, आणि आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे.

एफ २.८ म्हणजे कमी नाही पडत का? रात्री काय करायचं?

एफ १.८ ची लेन्स एफ २.८ पेक्षा साधारण अडीचपट उजेड घेते, म्हणजे फरक आहे, नाही म्हणत नाही. पण रस्त्यावर तुम्हाला मागचं सगळं धूसर करायचं नसतं. धुळ्याला आग्रा रोडवर संध्याकाळी शेवभाजीच्या कढईवर रश्शाचा लाल तवंग उकळतोय आणि मागं बाकड्यावर चार माणसं भाकरी कुस्करतायत, ती चार माणसं गायब केली तर फोटोत उरलं काय? कढईचा फोटो तर मेन्यू कार्डावरपण असतो.

रात्री मी आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० वर ठेवतो, एफ २.८, शटर १/१२५ सेकंद, आणि दुकानाच्या बल्बच्या, ट्यूबच्या जवळ उभा राहतो, माणसं त्या उजेडात येतात तेव्हा काढतो. नॉइज, म्हणजे फोटोत बारीक दाणे, येतो. येऊ द्या. नॉइजमुळे फोटो वाया गेला असं सहसा होत नाही, हलल्यामुळे वाया जातो. चालणारी माणसं असतील तर शटर १/२५० च्या खाली नको, मग आयएसओ ६४०० करा. ज्यांना खरंच रात्रीचंच काम आवडतं, गणपती विसर्जन, रात्रीच्या तमाशाचा फड, कानबाईचं जागरण, त्यांनी १.७ किंवा १.८ ची लेन्स बघावी, तिथं माझा आग्रह नाही.

लेन्स छोटी असली तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो लोकांमध्ये पडतो, फोटोच्या क्वालिटीत नाही. सारंगखेड्याला दत्त जयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तापीच्या काठी, लांब लांबून घोडे येतात. एका वर्षी मी मित्राची ७०-२०० ची मोठी झूम लावून गेलो होतो. जिथं जाईल तिथं लोक थांबून उभे राहायचे, घोड्याचा लगाम ताणून, मिशा सावरून, "कोणत्या पेपरचे भाऊ?" असं विचारायचे, काहींनी तर घोड्याची किंमत सांगायला सुरुवात केली. सगळे फोटो लग्नातल्या स्टेजसारखे आले. पुढच्या वर्षी फक्त २४. एक घोडेवाला सकाळी घोड्याला खरारा करत होता, ब्रशचा हात मारला की थंडीच्या उजेडात धुळीचा बारीक ढग उठायचा, मी दोन-तीन पावलांवर बसून होतो, दहा मिनिटं गप्पा मारल्या, नंतर तो मला विसरूनच गेला. एका क्षणी घोड्यानं मान वळवून त्याच्या खांद्यावर ठेवली आणि त्यानं न बघता, डाव्या हातानं त्याच्या नाकाला थोपटलं. मोठी लेन्स समोर असती तर त्या माणसाचा हात तसा गेला नसता, याची मला खात्री आहे.

शिवाय गळ्यात दिवसभर वागवायचं असतं. २००डी मार्क २ ची बॉडी ४४९ ग्रॅमची, २४ लावली की पाऊण किलोच्या आत सगळं. मे महिन्यात ४५ डिग्रीत फिरताना हे वजन फार जाणवतं.

ऑटोफोकस वापरू की झोन फोकस?

दिवसा उन्हात झोन फोकस शिकाच. म्हणजे फोकस एका अंतरावर ठेवून द्यायचा, अपर्चर छोटं ठेवायचं, आणि माणूस त्या पट्ट्यात आला की फक्त दाबायचं. क्रॉप बॉडीवर २४ एमएम, एफ ८, फोकस अडीच मीटरवर, तर साधारण दीड मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं वापरण्याइतकं शार्प येतं. सव्वातीन पावलांवर फोकस आणि दोन ते नऊ पावलांचा पट्टा तुमचा. बाजारात जे काही घडतं ते ह्याच पट्ट्यात घडतं. ५० वर हे जमत नाही, तिथं एफ ८ लासुद्धा पट्टा अरुंद राहतो, हे ५० नको म्हणायचं अजून एक कारण.

आपल्या उन्हात एफ ८ सहज मिळतं, आयएसओ २०० ला शटर १/८०० च्या आसपास येतं, चालती माणसं थिजतात.

एक अडचण आहे. एसटीएम लेन्सवर अंतराचे आकडे नसतात आणि फोकस रिंग विजेवर चालते, कॅमेरा बंद असताना रिंग फिरवली तर काहीच होत नाही. म्हणून मी असं करतो की तीन-सव्वातीन पावलांवरच्या खांबावर ऑटोफोकस लावतो, मग लेन्सचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाकतो, आणि रिंगला हात लावत नाही. कॅमेरा बंद-चालू केला की परत एकदा खांब. संध्याकाळी अपर्चर उघडावं लागतं तेव्हा हे सोडून द्या, सरळ मधला फोकस पॉइंट ठेवून ऑटोफोकस वापरा.

२००डी सारखी वळणारी स्क्रीन असेल तर कॅमेरा पोटाशी धरून काढून बघा. आपले निम्मे विक्रेते जमिनीवर बसलेले असतात, उभ्यानं काढलं की सगळ्यांच्या टाळूचे आणि टोप्यांचे फोटो येतात.

स्वस्तातल्या चायनीज मॅन्युअल लेन्स घेतल्या तर?

७आर्टिझन्स, टीटीआर्टिझन वगैरेंच्या मेटलच्या छोट्या लेन्स हातात घेतल्या की मस्त वाटतात, त्यांच्यावर अंतराचे आकडे खरे छापलेले असतात, म्हणजे झोन फोकसला त्या एसटीएमपेक्षा सोप्या. कडा जरा मऊ येतात, समोर ऊन आलं की फोटो पांढुरका होतो. मिररलेसवर घ्यायला हरकत नाही. डीएसएलआरवर मॅन्युअल फोकस व्ह्यूफाइंडरमधून नीट दिसत नाही, तिथं नका घेऊ. आणि पहिलीच प्राइम असेल तर ऑटोफोकसवालीच घ्या, एका वेळी एकच गोष्ट शिकायची.

सेकंड हँड घ्यायची तर काय तपासू?

सेकंड हँड जरूर घ्या, प्राइममध्ये हलणारे भाग कमी असतात, नीट वापरलेली लेन्स वर्षानुवर्षं जाते. दुकानात किंवा ज्याची आहे त्याच्या घरी स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लेन्समध्ये मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस, उठून यायचं, कितीही स्वस्त दिली तरी. दोन-चार धुळीचे कण दिसले तर काळजी नको, ते फोटोत येत नाहीत. मग अपर्चर एफ ८ वर ठेवून डेप्थ ऑफ फिल्डचं बटण असेल तर दाबा आणि पाती पटकन मिटतात का, पातींवर तेलकट डाग आहे का ते बघा. ऑटोफोकस जवळ-लांब दहा-बारा वेळा करून बघा, आवाज कुरकुर येतो का. कॅननची ५० एसटीएम असेल तर तिचं पुढचं नळकांडं फोकस करताना बाहेर येतं, ते कधी दाबलं गेलेलं असू शकतं, हलकं हलवून बघा. शेवटी एका भिंतीचा, विटांच्या भिंतीचा, सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे झूम करून बघा, एकच कोपरा फार धूसर असेल तर ती लेन्स पडलेली आहे.

आपल्याकडची धूळ, ऊन आणि पावसाळा, लेन्स कशी सांभाळायची?

ऊन आधी. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत कॅमेरा ठेवू नका, एक तासही नको. पाण्यात भिजवून पिळलेला गमछा बॅगेवर टाकतात काही जण, तो बॅगेला लागता कामा नये, ओल आत जाते, पांढरा कोरडा टाका.

धूळ म्हणाल तर जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू आणि नंदुरबारला मिरचीच्या पथारीवरची तिखट धूळ ह्या दोन जागा मला सगळ्यात अवघड वाटल्या. नंदुरबारचा मिरची बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी, हिवाळ्यात लालभडक मिरची लांबपर्यंत पसरलेली असते आणि बाया ओळीनं बसून देठ खुडत असतात, फोटोग्राफरला स्वर्गच, पण तिथं लेन्स अजिबात बदलायची नाही. एकच प्राइम लावून जायचं हा तिचा अजून एक फायदा. पुढच्या काचेवर साधा यूव्ही फिल्टर लावा, ईएफ-एस २४ ला ५२ एमएमचा लागतो, निकॉनच्या ३५ लापण तोच. मिरचीची धूळ बसली की आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी, आणि तोंडानं फुंकर नाही. हात डोळ्याला लावायच्या आधी धुवा, हे मी अनुभवावरून सांगतोय.

पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर फंगसची भीती. चामड्याच्या बॅगेत, लाकडी कपाटात लेन्स बंद ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि ओलाव्याचा छोटा मीटर, काटा ४० ते ५० च्या मधे ठेवायचा. सगळ्यात चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरायची.

लोक चिडले तर? बायका, लहान मुलं, आदिवासी बाजार, तिथं कसं वागायचं?

लेन्स छोटी आहे म्हणून लपून काढायचं असं मी कधीच सांगणार नाही. छोटी लेन्स जवळ जायला आहे. जवळ गेलं की समोरच्याला तुम्ही दिसता, तुमचा चेहरा दिसतो, आणि त्याला नको असेल तर तो सांगू शकतो, हे लांबून झूमनं काढताना होत नाही. मान हलवून विचारा, नाही म्हटलं तर राम राम करून पुढं जा. काढलेला फोटो स्क्रीनवर दाखवा, बहुतेक वेळा बाजूचा म्हणतो, "मन्हा बी काढ ना".

होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, शिरपूरकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात, पावरा समाजाच्या पोरी चांदीचे दागिने घालून, सगळ्या सारख्या रंगाच्या कपड्यांत येतात, ढोल असतात. तिथं आजकाल कॅमेरे घेऊन इतके लोक घुसतात की पोरींच्या तोंडासमोर लेन्स धरतात, हे बघून मला फार वाईट वाटतं. तो त्यांचा सणाचा बाजार आहे, आपण पाहुणे. आधी गावातल्या कुणाशी तरी बोला, गूळ-डाळ्या, हार-कंगन विकत घ्या, थोडा वेळ कॅमेरा खाली ठेवून फिरा. लहान मुलांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाही. रेल्वे स्टेशनवर, भुसावळसारख्या जंक्शनला तर नक्कीच, आधी स्टेशनच्या ऑफिसात परवानगीचं विचारून घ्या.

२४ नं चेहरे वाकडे येतात म्हणतात, खरं का?

मीटरभराच्या आत गेलात तर नाक मोठं दिसतं, आणि फ्रेमच्या अगदी कडेला चेहरा ठेवला तर तो ताणला जातो. दीड-दोन मीटरवर ठेवा, चेहरा मधल्या भागात ठेवा, काही होत नाही. फक्त चेहराच हवा असेल तर मात्र ५० काढा, तिचं काम तेच आहे.

म्हणजे शेवटी दोन प्राइम लागणारच?

पहिलं वर्ष एकच. माझ्या बॅगेत आज २४ आणि ५० दोन्ही आहेत, पण बाजाराला जाताना मी ५० घरी ठेवतो, कारण दोन असल्या की डोकं लेन्सकडे जातं. ५० कीर्तनाला नेतो, तिथं एका जागी बसायचं असतं आणि बुवांच्या समोर उठबस करणं बरं दिसत नाही.

लेन्स आली, पहिल्या दिवशी कुठं जाऊ?

तुमच्या गावच्या आठवडे बाजाराला, सकाळी सातला, ऊन चढायच्या आधी. उन्हाळ्यात साडेआठनंतर उजेड पांढरा आणि कडक होतो, मग ताडपत्रीच्या खाली जा, निळ्या-पिवळ्या ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड वांग्यांवर, चेहऱ्यांवर पडतो तो फार सुंदर असतो, फक्त रंग जरा ओढले जातात, त्याला रॉमध्ये (नंतर रंग नीट करता येतात अशा फाइलमध्ये) काढा. पूर्ण बाजार फिरू नका. एकच भाजीवाली, एकच चहाची टपरी निवडा आणि तिथं तासभर थांबा, चहा घ्या, दोन पावलांवरून काढा, तीनवरून काढा, पाचवरून काढा. घरी येऊन तिन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि चांगला आलेला एक फोटो ४ बाय ६ मध्ये प्रिंट करून पुढच्या बाजाराला ज्याचा त्याला नेऊन द्या. अमळनेरजवळ एका टपरीवर देवाच्या फोटोशेजारी मी दिलेला काकांचा प्रिंट चार वर्षं झाली लावलेला आहे, धुरानं कडा पिवळ्या पडल्यात, आता मोठ्या साइजमध्ये नवा काढून द्यायचाय.